डोकावणारे तात्या

तात्यांवर कुत्रं भुंकलेलं मी कधी ऐकलं नाही. बारामतीच्या स्टँडसमोरच्या, आमच्या दुकानाच्या गल्लीतली कुत्री पोस्टमनवर भुंकायची, घंटागाडीवर भुंकायची, मी वर्षानुवर्षं त्याच वाटेने दुकानात जात होते तरी माझ्यावरही भुंकायची. तात्या आले की मात्र ती उठायची, जराशी मागे सरायची आणि पुन्हा बसायची, पण तोंड त्यांच्याकडे ठेवून. शेठ म्हणायचे, "तात्यांचा दराराच तसा." दरारा वगैरे काही नव्हता. कुत्र्यांना ते आवडत नव्हते आणि भुंकायची हिंमतही होत नव्हती, एवढंच.

आमचं दुकान कॅमेऱ्यांचं. लग्नात फोटो काढतात ते नव्हेत. घराच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली लावून ठेवतात आणि मग मोबाईलवर गोठा बघत बसतात, ते. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, लग्न केलं, नोकरीची वाट बघितली, आणि वाट बघण्याचा पगार कुणी देत नाही हे कळल्यावर शेठच्या काउंटरला बसले. फोन घ्यायचे, बिलं करायची, आणि माहितीपत्रकातलं वेडंवाकडं इंग्रजी मराठीत आणायचं. तात्या फिरतीवरचे. बारामती आणि इंदापूर तालुक्यातली गावं आणि वस्त्या पायाखाली घालून माल खपवायचा, हे त्यांचं काम.

उंच, सडसडीत, पांढरा सदरा, पांढरा लेंगा, डोक्याला टोपी, आणि बारा महिने काखेत काळी छत्री. वय साठीच्या पुढे कुठेतरी. आयुष्यात त्यांनी काय विकलं नव्हतं? कुकर, शिलाई मशीन, विहिरीवरच्या मोटारी, इंदापूरच्या बाजारात दंतमंजन. चिकटपणात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मोरगावच्या एका माणसाने म्हणे तात्यांना टाळण्यासाठी समोर आलेली एसटी पकडली, काम नसताना तिकीट काढलं, आणि सुप्याला उतरला तो मोटारीचा स्टार्टर घ्यायचं कबूल करूनच. तात्या मागच्या सीटवर होते.

चहा ते बशीतून प्यायचे. बशी तोंडाशी धरायची आणि तिच्या कडेवरून डोळे रस्त्यावर. डोळे मोठे, पाणीदार, आणि मिटायचे फार कमी. तुम्ही त्यांच्याशी बोलत असलात की नकळत आपल्याच पापण्या जास्त हलताहेत असं वाटायला लागायचं. मी तर नंतर नंतर बिलावर नजर ठेवूनच त्यांच्याशी बोलायची.

तरी तोवर ते नुसते चिकट सेल्समन होते. पुढचं सगळं एका इंग्रजी शब्दाने केलं.

इंदापूरला एका सरकारी कचेरीत लोक दाखल्यांसाठी रांगेत उभे होते. रांग म्हणजे तात्यांना पर्वणी, कारण रांगेतला माणूस नंबर सोडून पळत नाही. ते पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेकाला धरून कॅमेऱ्याचं महत्त्व सांगत होते. आतून साहेब बाहेर आले आणि शिपायावर ओरडले, "हे टाउट लोक आधी बाहेर काढा!" शिपायाने दंडाला धरून तात्यांना फाटकाबाहेर नेलं.

संध्याकाळी ते दुकानात आले ते थेट माझ्यासमोर.

"म्याडम, टाउट म्हंजे काय?"

"कोण म्हणालं तुम्हाला?"

"कोन का म्हनंना. शिवी हाय का?"

"शिवीच म्हणा की. गिऱ्हाइकाच्या मागे लागून, त्याला नको असलं तरी माल गळ्यात मारणारा. दलालालाही म्हणतात."

तात्यांनी मान हलवली. "मंग बरुबर हाय. ह्यात शिवी काय?" जाता जाता ते वळले. "पन म्याडम, शब्द आला कुठनं? मानसाचं कसं, गाव कळलं की मानूस कळतो."

इतक्या वर्षांत मला माझ्या एम.ए.मधलं काही कोणी विचारलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी घरून माझा जाडजूड कोश आणला, जोडीला मोबाईलवर शोधाशोध केली, आणि दुपारच्या निवांत वेळी तात्यांना त्या शब्दाची सगळी वंशावळ वाचून दाखवली. फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता नुसतं डोकावणं. मान पुढे काढून बघणं. त्यात विकणं नाही, बोलणं नाही, काहीच नाही. मग चोरांच्या बोलीत तो गेला. आत चोरी चालू असताना बाहेर पाळतीला उभा राहतो, तो टाउट. मग शर्यतीच्या घोड्यांची सकाळची रपेट कुंपणाआडून चोरून बघायची आणि कोणता घोडा तयारीत आहे ती खबर विकायची, असं करणारा टाउट. मग गावात येणाऱ्या परक्या माणसांवर लक्ष ठेवून त्यांना आपल्या दुकानाकडे ओढणारा. आणि सगळ्यात शेवटी आमचे तात्या.

"कुंपनाचं पुन्यांदा वाचा," तात्या म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी बशी खाली ठेवली होती. चहावर साय धरली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे इकनं लई शेवटी आलं?"

"हो."

"आदी नुसतं बघनं?"

"हो. नुसतं बघणं."

"मंग जनमभर आमी उलटंच करत व्हतो की." असं म्हणून ते उठले आणि छत्री घेऊन चालायला लागले. मला वाटलं, झाली गंमत. शेठलाही मी ती हसत हसत सांगितली.

त्यानंतर त्यांना शब्दांचा नादच लागला. त्यांच्या पुतण्याच्या बनियनवर 'हसल' असं काहीसं छापलेलं होतं. पोरं म्हणतात, तो धंद्याचा शब्द आहे, धडपडून विकायचं, थांबायचं नाही. मी त्याचं मूळ शोधून दिलं: डच लोकांच्या भाषेत गदागदा हलवणं. टोपीत नाणी घालून हलवायची, तसलं. तात्यांना तो शब्द अजिबात पटला नाही. "ह्यात दनका हाय, नजर न्हाय," म्हणाले. "त्ये तुमचं पयलंच बरं." आणि ते स्वतःला टाउट म्हणवून घ्यायला लागले. फोनवरसुद्धा. "हालो, मी टाउट बोलतोय, बारामतीवरनं." समोरच्याला काही कळायचं नाही, आडनाव असेल असं वाटत असावं.

मग त्यांची बोलायची पद्धत बदलली, म्हणजे ते बोलेनासेच झाले. सकाळी निघायचे ते दुपारी निघायला लागले. माहितीपत्रकांची पिशवी दुकानातच राहायची. शेठ कुरकुरले. पण विक्री इतकी वाढली की शेठनी कुरकुर आवरती घेतली. कळस, निमगाव, नीरेच्या काठची गावं, जिथून म्हणून कधी फोन येत नव्हता तिथून माणसं आपण होऊन दुकानात यायला लागली. आणि सगळी एकच सांगायची.

"म्याडम, आमच्या बांधावं कुनीतरी हुबं ऱ्हातं. दिवं लागायच्या टायमाला. उंच हाय, पांढरी कापडं. हालत न्हाय, बोलत न्हाय. हाक मारली तर उसात जातंय. काल तुमचा मानूस आलता, त्यो बी म्हनला, तुमच्या बांधावं मी बघितलंय कुनीतरी."

एकदा असंच एक जोडपं हे सांगत होतं. बाई बोलता बोलता पदर तोंडाला लावत होती. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर तात्या बसले होते. उंच, पांढऱ्या कपड्यांत, बशीच्या कडेवरून त्यांच्याकडे बघत, न हलता. त्या दोघांना काही म्हणजे काही लक्षात आलं नाही. समोर उजेडात चहा पिणारा माणूस आणि बांधावरचं ते, यांचा संबंध जोडायला कुणाचं मन धजत नसावं. मी मात्र तो जोडला.

ती माणसं गेल्यावर मी म्हटलं, "तात्या, तो तुम्हीच असता."

"मी कुठं म्हनलं, मी न्हाय?"

"लोकांना घाबरवता तुम्ही!"

"कुनाला भ्या म्हनून सांगितलं न्हाय. निस्तं बघतो. बांधावं कुनीतरी व्हतं, ह्ये खोटं हाय का?" आणि बशी पुसून ठेवत पुढे म्हणाले, "इकनं त्वांडाचं काम न्हाय म्याडम, डोळ्याचं हाय."

शेठना सांगितलं तर ते हसले. माल जातोय ना, मग जाऊ दे.

यात माझ्या रागापेक्षा भीती वाढायला लागली ती वेगळ्याच कारणाने. तात्यांना खरोखर दिसायला लागलं होतं. इतक्या संध्याकाळी लोकांच्या अंगणाकडे बघत उभं राहिल्यावर माणसाला काय काय कळत असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. कॅमेरा घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याला ते शांतपणे म्हणाले, "आईला डाव्या डोळ्यानं दिसंना झालंय. तिकडची पायरी नीट करून घ्या." तो माणूस चिडला, आई ठणठणीत आहे म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याने फोन केला, कॅमेऱ्यासाठी नाही, तात्यांना विचारायला, की हे तुम्हाला कसं कळलं. दुसऱ्या एका घरातल्या लोकांना त्यांनी सांगितलं, तुमची सून रोज विहिरीपर्यंत जाते आणि घागर न बुडवता परत येते, तिच्याशी बोला. ते बोलले की नाही मला माहीत नाही. मी त्या सुनेसाठी देवाला हात जोडले होते, एवढं आठवतं.

आणि मग माझी पाळी आली. एका संध्याकाळी मी आमच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. सहज खाली नजर गेली तर गल्लीच्या तोंडाशी लिंबाच्या झाडाखाली तात्या. हात मागे बांधलेले, छत्री काखेत, आणि डोळे आमच्या गच्चीवर. मी ओळखीचं हसले नाही, त्यांनीही मान हलवली नाही. चादरीच्या आड झाले आणि पुन्हा बघितलं तेव्हा झाडाखाली कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते काउंटरशी आले. "म्याडम, तुमी घरी हसत न्हाय."

मी इतकी संतापले की माझा आवाज ऐकून शेठ आतून धावत आले. पुन्हा आमच्या गल्लीत दिसलात तर पोलिसांत जाईन, असं मी त्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "चुकलं. पन सव लागली. डोळं आपुआप जात्यात." संताप त्यांच्या डोकावण्याचा होताच, पण त्याहून जास्त ते खरं होतं याचा होता. सासरी मी हसत नव्हते. दुकानात दिवसभर खिदळणारी मी घरी जिना चढतानाच गप्प व्हायची, आणि हे माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी दिसलं नव्हतं. एका सेल्समनला ते झाडाखालून दिसावं याचं मला फार वाईट वाटलं. त्या रात्री जेवताना मी मुद्दाम एकदा हसून बघितलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण थंडीच्या सुरुवातीला एक तरुण माणूस दुकानात आला. इथल्याच एमआयडीसीत नोकरीला, बारामतीत फ्लॅट घेतलेला. त्याची वस्ती नीरेच्या काठाला, इंदापूर तालुक्यात शिरलं की लगेच. चारी बाजूंनी ऊस आणि मधे एकच घर. तिथे त्याची आई एकटी राहत होती.

"आमच्या भागात बिबट्या आलाय," तो म्हणाला. "शेजारच्या वस्तीवरचं वासरू नेलं. आई म्हातारी हाय, तिला म्हनतो चल हिकडं, तर म्हनती, मी न्हाय यायची, बांधावं त्यो हाय राखायला. कोन त्यो, तर म्हसोबा. पांढऱ्या कापडात हुबा ऱ्हातो म्हनं. रोज त्याला निवद न्हेऊन ठेवती. दिवेलागनीला उसाच्या कडंला जाती हो एकटी, हातात भाकरीचं ताट घेऊन! आन् दार उघडं टाकून अंगनात बसती."

आमच्या भागात शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला दगड असतो. तो म्हसोबा, शेताची राखण करणारा. सणावाराला त्याला निवद दाखवतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण म्हसोबा पांढरा लेंगा घालून उभा राहिल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी तात्यांकडे बघितलं. त्यांची बशी ओठांजवळ अडून राहिली होती.

"फॉरेस्टवाल्यांनी परवा ठसं बघितलं," तो मुलगा रडकुंडीला येऊन सांगत होता. "बिबट्या उसातनं आमच्या बांधापतुर आला आन् तितनंच मागं फिरला. झालं! आई म्हनती, बघ, त्येनं अडवला. आता तर ती मुळीच हलनार न्हाय. तुमी एक कॅमेरा बसवून द्या. मला तिला दाखवायचंय, तितं कोन न्हाय म्हनून. तिचं काय बरंवाईट झालं तर मी काय करू?"

त्याला बाहेर सोडून मी आत आले आणि तात्यांसमोर उभी राहिले. त्या वस्तीवर ते गेले होते का, हे विचारायची गरज नव्हती.

"म्हातारीनं माल घेतला न्हाय," तात्या म्हणाले. "म्हनली, मला दिसतंय की डोळ्यानं, क्यामेरा कशाला? मंग मी परत गेलो न्हाय. म्हैना झाला म्याडम. आईच्यान न्हाय गेलो."

"मग निवद कोण खातंय रोज?"

"कुत्री खात असतील."

"ते मरू द्या. ती बाई तुमच्या भरवशावर बिबट्याच्या तोंडासमोर बसलीय. तुम्ही जाऊन तिला सांगा, तो मी होतो म्हणून."

तात्या इतके केविलवाणे मी कधी पाहिले नव्हते. जन्मभर माल दिला, दिलेला माल कधी परत घेतला नाही, असं काहीतरी पुटपुटले. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले.

पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. घर छोटं, सारवलेलं अंगण, कडेला तुळस, आणि चार पावलांवरून ऊस सुरू. म्हातारी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. लहानखुरी, हाडाची काटक, नजर स्वच्छ. आम्हाला बघून तिला काहीच नवल वाटलं नाही.

"या भाऊ," ती तात्यांना म्हणाली. "लई दिसांनी."

तात्यांनी टोपी काढली. मी त्यांचं डोकं पहिल्यांदा उघडं बघितलं. "आजी, मी सांगायला आलोय," ते म्हणाले. "बांधावं हुबा ऱ्हायचा त्यो मी. क्यामेरं इकायला. तुमी भ्याला म्हंजे घ्याल म्हनून. म्हसोबा न्हाय, कोन न्हाय. माझी चूक झाली. बिबट्या हाय, तुमी लेकासंगं जावा."

म्हातारीने मेथीची जुडी खाली ठेवली, आत जाऊन चहा टाकला, आम्हाला दिला, आणि तात्या फुंकर घालत असताना म्हणाली, "तुमास्नी मी पयल्याच दिशी वळाकलं व्हतं."

"आं?"

"तुमी घराकडं त्वांड करून हुबं ऱ्हायचा. माझी कापडं बघत, चूल बघत, पायताण किती हायती त्ये बघत. त्ये काय राखनाऱ्याचं लक्षान हाय व्हय? गिऱ्हाईक हुडकनारा मानूस मला कळत न्हाय का?" तिने पदराने हात पुसले. "मी तुमचं म्हनत न्हाय. त्यो दुसरा. त्येचं त्वांड उसाकडं असतंय. घराकडं कवाच बघत न्हाय. तुमी हुबं ऱ्हायचा त्येच्या पाठीला पाठ लावून. तुमाला कळलं न्हाय?"

तात्यांच्या हातातला चहा बशीत सांडला, बशीतून लेंग्यावर सांडला. ते पुसायलाही हलले नाहीत. मला तिथून उठून निघून जावंसं वाटत होतं. उसात वारा नव्हता.

"आजी," मी कसंबसं म्हटलं, "ते काही असो. तुमचा मुलगा काळजीनं अर्धा झालाय. तुम्ही बारामतीला चला."

"म्या कुठं न्हाय म्हनती? नातवंडांत बसायला कुनाला नगं असतं? मला बी एकटीला भ्या वाटतंय गं, माझ्या बया. पन ह्येचं कोन करील? मी ग्येल्यावं ह्यो उपाशी हुबा ऱ्हायचा. लेकाला सांगितलं तर त्यो हसतोय." ती तात्यांकडे वळली. "तुमी बांध वळखता भाऊ. तुमी ठेवा त्येचा निवद. मंग मी उद्या जाते."

"मी? बारामतीवरनं?"

"एसटी हाय की."

"मला पावसापान्याचं…"

"छत्री हाय की काखंत."

"सैपाक येत न्हाय मला आजी."

"भाकरी इकत घ्या. त्येला चालती. कांदा ठेवा संगं."

तात्या एकेक कारण काढत होते आणि ती ते मिटवत होती, आवाज न चढवता, नजर न हलवता. हे मी पूर्वी शंभरदा पाहिलं होतं, फक्त समोरच्या जागी तात्या कधी नव्हते. मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही येत होता. शेवटी तात्यांची कारणं संपली. ते बांधाकडे बघत राहिले. तिथे शेंदराचा दगड होता, थोडं गवत होतं, दुसरं काही नव्हतं.

"कवापासनं ठिवू?" त्यांनी विचारलं.

"उद्याच्यानं. आज मी ठेवते."

 परत येताना कालव्याचा पूल ओलांडल्यावर मागून आवाज आला, अगदी हळू. "म्याडम, त्या बांधावं पाठीला ऊब लागायची. ऊन ग्येल्यावं बी. मला वाटलं, दगड तापत असंल." मी स्कूटरचा वेग वाढवला. मला ते ऐकायचं नव्हतं.

म्हातारी दुसऱ्या दिवशी खरंच मुलाकडे आली. मुलगा पेढे घेऊन दुकानात आला. तुम्ही काय जादू केली, विचारायला लागला. मी म्हटलं, तात्यांनी समजावलं. तात्यांनी त्या महिन्यात दुकान सोडलं. शेठनी खूप विनवलं. आता ते दुपारची एसटी धरतात आणि रात्री परत येतात, पिशवीत भाकरी आणि कांदा. स्टँडवर भेटले की मी विचारते, "बरं आहे ना तात्या?" ते "व्हय" म्हणतात आणि खाली बघतात. माझ्याकडे ते आता बघत नाहीत, कुणाकडेच बघत नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, हे सांगायला मला लाज नाही वाटत.

मुलाने बंद घरावर कॅमेरा बसवून घेतला, मोटारीच्या आणि पाइपच्या राखणीला. चित्र हलतं अशी त्याची तक्रार आली म्हणून एकदा दिवेलागणीला मी दुकानातल्या पडद्यावर ती वस्ती लावली. तोच म्हणाला, लवकर नीट करा, आई रोज ह्याच वेळेला मोबाईल मागून घेते आणि बघितल्याशिवाय जेवत नाही. चित्र बरं होतं. कडेला तुळस, पुढे अंगण, पलीकडे बांध. तात्या आले. वाकून ताट ठेवलं, टोपी सारखी केली आणि घराकडे पाठ करून उसाकडे तोंड करून उभे राहिले. एकटेच होते. बांधावर दुसरं कोणी नव्हतं, हे मी खात्रीने सांगते, मी पडद्याला नाक लावून बघितलं.

मग त्यांनी मान किंचित वळवली आणि ते थोडे डावीकडे सरकले, एसटीच्या बाकावर कोणी बसायला आलं की आपण जागा देतो तसे.